बिल्डिंग, विंग, माळा

शुक्रवार आला की बाकीचं ऑफिस खुशीत असायचं आणि मी सकाळपासून सुटकेचं निमित्त शोधत. हे सुरू झालं नवे साहेब आल्यापासून. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, हसरे, कुणावर आवाज न चढवणारे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की इथे कामं होतात, पण माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. तेव्हा दर शुक्रवारी जेवणानंतर तासभर ॲक्टिव्हिटी, एकमेकांना समजून घ्यायला. मी मनात म्हटलं, झालं, लागली वाट.

आमचं ऑफिस साकीनाक्याच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. काम लिफ्ट दुरुस्तीचं. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत आमच्याकडच्या कुठल्याही सोसायटीत लिफ्ट अडकली की फोन इथे वाजतो, आणि तो उचलायचं काम माझं. कधी वॉचमन असतो, कधी सेक्रेटरी, कधी आत अडकलेला माणूसच. मी पत्ता घ्यायचा आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाला ओरडून सांगायचा, मग तो जवळचा मेकॅनिक पाठवणार. हा पलीकडचा मूळचा मालवणचा, राहायला घाटकोपरला, तोंडाने फटकळ. वर्षानुवर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो. पंख्यावरून भांडलो, चहावरून भांडलो, त्याच्या डब्यातल्या सुक्या बांगड्यावरून तर रोजच. 'गप गो' हे मला जितकं त्याने म्हटलंय तितकं माझ्या नवऱ्यानेही म्हटलेलं नाही.

आणि एवढं समोरासमोर बसूनही त्याला ठाऊक नव्हतं की मला ऐकू कमी येतं. ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, कानाच्या आतलं बारीकसं हाड घट्ट होत चाललंय, त्यामुळे बाहेरचा आवाज आत शिरताना अडतो. कानाला लागून, जोरात आला तर नीट पोचतो. म्हणजे असं, की खोलीतलं बोलणं मला भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं, शब्द हाती लागत नाहीत. पण हेडफोनचा आवाज पूर्ण चढवला की फोनवरचा माणूस अगदी खणखणीत. खोलीत मी ओठ वाचते. त्यात मी इतकी तयार झालेय की तोंड समोर असेल तर कुणाला शंकासुद्धा येत नाही. पाठीमागून कुणी काही बोललं आणि मी ओ दिली नाही, की मग मी खडूस. ते मी चालवून घेतलं. खडूस म्हटलेलं परवडतं. कानाचं मशीनही घेतलंय, पण त्यावर हेडफोन चढवला की ते शिट्टी मारतं, म्हणून ऑफिसात ते पर्समध्येच असतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना. कशी सांगू? आमच्याकडे कुणाची अडचण कळली की त्याला आराम देतात. एका जुन्या मेकॅनिकचा गुडघा दुखतो हे वरपर्यंत गेलं, तर त्याला आधी गोडाऊनमध्ये आराम दिला आणि पुढे घरी. घरी माझ्या नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं, माझ्या पगारावर सगळं चाललेलं. पण खरं सांगू का, पगार हे कारण दुसरं. पहिलं कारण तो हेडफोन. घरी सगळे माझ्याशी तुकड्यातुकड्यांनी बोलतात. जेवायला, भाजी, मीठ, झोप. एवढं ओरडून पूर्ण वाक्य बोलायचा कुणालाही कंटाळा येतो, मी त्यांना दोष देत नाही. पण माणसाचा आवाज त्याच्या श्वासासकट, त्याच्या चिडण्यासकट, अख्खा म्हणून मला ऐकू येतो तो फक्त त्या खुर्चीवर. ती खुर्ची गेली तर माझ्यासाठी माणसांचा आवाजच गेला. ह्या एका भीतीने मी काही वर्षं काढली.

म्हणूनच मी कामात कडक झाले. फोन करणारा घाबरलेला असतो, भराभर बोलतो. मी त्याला थांबवायची. आधी बिल्डिंग, मग विंग, मग माळा, आणि हे सगळं त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायची. "परत सांगा." तो चिडायचा, मी म्हणायची, चिडा, पण परत सांगा. सुरुवात माझ्या धास्तीपोटी झाली होती, पण मेकॅनिक खूश झाले, कारण आमच्या उपनगरांत एकेका देवाच्या नावाच्या दहा-दहा इमारती. पुढे तो अख्ख्या डेस्कचा नियम झाला. नवीन माणूस आला की पलीकडचा त्याला सांगायचा, "हय 'परत सांगा' म्हटल्याबिगर फोन खाली ठेवलास तर ही बया जीव घेतली."

तर ॲक्टिव्हिटी. त्या घ्यायला बाहेरून एक मुलगी यायची, उत्साहाने नुसती उसळणारी, आमच्यातल्या पन्नाशीच्या मेकॅनिकांनाही 'गाईज' म्हणणारी. तो तासभर एक मेकॅनिक फोन सांभाळायचा आणि आम्ही सगळे मोठ्या खोलीत. पहिल्या शुक्रवारी गोल करून बसायचं आणि लहानपणीची एक गोष्ट सांगायची होती. गोलात सगळी तोंडं दिसतात, ते निभावलं. पुढच्या वेळी दोघादोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं होतं. एकाने हातातल्या चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता ते काढायचं. मी झटकन चित्राचा कागद उचलला आणि म्हटलं, मी सांगणार, मला चित्रकलेत भोपळा मिळायचा. सगळे हसले. मी सांगत गेले, पलीकडचा काढत गेला, मधेमधे तो काहीतरी विचारत असणार आणि मी आपली दामटून पुढेच. त्याने घराच्या जागी काढलेलं होतं ते जहाजासारखं दिसत होतं. त्यावरून आम्ही भांडलो आणि सगळ्यांना ते गमतीचं वाटलं. मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मग आला तो शुक्रवार. खोलीत शिरले तर खुर्च्या अस्ताव्यस्त मांडलेल्या, मधेमधे मेकॅनिक लोकांची हेल्मेटं आणि पाण्याच्या बाटल्या. त्या मुलीच्या हातात विमानात डोळ्यांवर लावायला देतात तसल्या काळ्या पट्ट्या. एकाने पट्टी बांधून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं आणि जोडीदाराने समोरच्या भिंतीला उभं राहून नुसत्या आवाजाने त्याला आणायचं. हात लावायचा नाही. विश्वासाचा खेळ, ती म्हणाली. मी तिच्या ओठांवरचा तो 'विश्वास' वाचला आणि सरळ दाराकडे निघाले.

मी साहेबांना म्हटलं, "सर, आज मी फोन बघते. शुक्रवारी लोड असतो."

"मॅडम, आज सुटका नाही हां," ते हसून म्हणाले. "नेहमी तुम्हीच डेस्कला चिकटून असता."

"डोकं दुखतंय, सर."

"पाच मिनिटांचं तर आहे."

जोडी टेबलाप्रमाणेच लागली, म्हणजे मी आणि पलीकडचा. मी म्हटलं, आधी तू बांध. त्याने कुरकुर करत पट्टी बांधली. मी भिंतीला टेकले आणि फोनवर बोलते तशी बोलले. दोन पावलं पुढे. थांब. डावा हात. अर्धं पाऊल. तो एकाही खुर्चीला न लागता सरळ माझ्यापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या मुलीने पट्टी माझ्या हातात दिली आणि बोट फिरवून दाखवलं, आता उलटं.

पळून जावं असं आयुष्यात इतक्या जोराने कधी वाटलं नव्हतं. दाराकडे बघितलं, तर दारात साहेब उभे, प्रेमाने मान हलवत. मी पट्टी बांधली.

आवाज नसणं मला सवयीचं आहे. पण आवाजही नाही आणि तोंडंही नाहीत, असं मी कधी अनुभवलं नव्हतं. पायाखालची फरशी तेवढी होती, बाकी जग बंद. पलीकडचा बोलत असणार. दूर कुठेतरी घरघर आल्यासारखी वाटली, ती त्याची की पंख्याची, कळायला मार्ग नाही. माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "परत सांगा."

लोक हसले असणार. मीच आणलेला नियम, माझ्याच तोंडी. पुन्हा ती घरघर. मी म्हटलं, "परत सांगा." अजून हसले असतील, असं धरून मीही थोडं हसले. एक पाऊल टाकलं. गुडघ्याला खुर्ची लागली. "परत सांगा." उजवीकडे वळले, हेल्मेट पायात आलं, ते गडगडत गेलं ते पायाला कळलं. "परत सांगा ना रे." आता मी हसत नव्हते. हात पुढे करून मी हवेत चाचपत होते आणि म्हणत होते, परत सांगा, परत सांगा, आणि मला वाटत होतं की सगळं ऑफिस पोट धरून हसतंय. त्या अंधारात मी देवाकडे एकच मागत होते, की त्यांनी हसतच राहावं. हसतायत तोवर कळलेलं नाही.

मग सुक्या बांगड्याचा वास आला आणि माझ्या कोपराला कुणीतरी धरलं. हात लावायचा नाही असा नियम होता. त्याने पट्टी काढली. पलीकडचा अगदी जवळ उभा होता, आणि त्याच्यामागे सगळं ऑफिस. एकही माणूस हसत नव्हता. हसणं कधी थांबलं होतं, कुणास ठाऊक. त्या मुलीने तोंडावर हात ठेवला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं. मी ते त्याच्या ओठांवर वाचलं, आणि मी वाचलं हे त्याला दिसलं.

त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. त्या मुलीने माझ्या धैर्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, काहींचे डोळे भरले होते, आणि मला ते हात एकमेकांवर आपटताना नुसते दिसत होते. आज आपण एकमेकांना खरंच समजून घेतलं, असं काहीतरी साहेब म्हणाले. मी पर्स उचलली आणि घरी गेले.

सोमवारी माझ्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसली होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मला पाणी दिलं. ओठ रुंद करून, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले की मला आता स्पेअर पार्टच्या खोलीत बसायचं आहे. तिथे शांतता आहे. आराम.

"सर, फोनवर मला ऐकू येतं," मी म्हटलं. "हेडफोनमधून सगळं येतं. डॉक्टरांना विचारा."

"मॅडम, लिफ्टमध्ये माणसं असतात. रिस्क आहे."

"एकदा तरी चुकलंय का माझं? एक पत्ता? सर, माझी टेस्ट घ्या. आत्ता घ्या. कुणालाही दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगा."

"छे छे. तुमची परीक्षा घेणारे आम्ही कोण? आम्ही तुम्हाला समजून घेतलंय."

मी हात जोडले. खरंच जोडले, लाज वाटली नाही. ते उठून माझ्या बाजूला आले, माझे जोडलेले हात हलकेच खाली केले आणि म्हणाले की मी जराही गिल्टी वाटून घेऊ नये. चिडले असते तर मी भांडले असते. ह्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा ना. पट्टी बांधून चालायला माझ्या कामात कधी लागलंय? पण त्या पाच मिनिटांवर त्यांनी माझी सगळी वर्षं मोजली आणि वर मलाच पाणी पाजलं.

स्पेअर पार्टची खोली म्हणजे ग्रीसचा वास आणि रोलरची खोकी. डेस्क आणि ती खोली ह्यांच्यामध्ये एक काच आहे. तिथे बसून मी दिवसभर डेस्ककडे बघायची. नवी मुलगी वाईट नव्हती, चुणचुणीत होती. पण ती एकदाच विचारायची आणि फोन ठेवायची. तिचे ओठ मी बघत होते ना. 'परत सांगा' नाहीच. कुणीतरी तिला सांगितलं असणार की तो नियम त्या मॅडमना ऐकू येत नव्हतं म्हणून होता, आता गरज नाही. मला काचेवर डोकं आपटावंसं वाटायचं.

सगळ्यात वाईट झालं ते पलीकडच्याचं. त्याने मला ताई म्हणायला सुरुवात केली. ताई आणि अहो. माझ्यासमोर येऊन उभा राहायचा, हळूहळू बोलायचा, "ताई, चहा घेणार का तुम्ही?" बांगडा आणायचं त्याने बंद केलं. डेस्कवरचा पंखासुद्धा काचेतून मला खुणेने विचारून कमी करायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "मेल्या, भांड ना माझ्याशी." तर त्याचे डोळे भरले आणि तो निघून गेला. मी त्या खोक्यांमध्ये बसून रडले. घरी नवरा म्हणाला, "मिळतोय तर घे आराम." आमच्या घरात आता तोही शब्द शिरला. रात्री जेवताना कुणी एक शब्द बोललं नाही तरी चालेल, पण तो शब्द नको, असं मला झालं होतं.

एका दुपारी मी काचेतून बघत होते. नवी मुलगी जेवायला गेलेली. पलीकडचा कानाला मोबाइल लावून कुठल्यातरी मेकॅनिकवर तापलेला, पाठ डेस्ककडे. आणि टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. लुकलुकतोय, लुकलुकतोय, कुणी उचलत नाही. तो दिवा म्हणजे कुठेतरी कुणीतरी अडकलंय, हे माझ्या हाडात भिनलेलं. मी कधी उठले, कधी खोली ओलांडली, मला आठवत नाही. खुर्चीवर बसले, हेडफोन चढवला, आवाजाचं बटण टोकापर्यंत ढकललं.

"हॅलो... कोणी आहे का... हॅलो..."

म्हातारा आवाज, धापा टाकणारा, आणि मागे लिफ्टच्या घंटीची टणटण. सगळं आलं मला. घशातली खरखरसुद्धा. किती दिवसांनी मी एक अख्खा माणूस ऐकला.

"आहे काका, मी आहे. श्वास घ्या. बिल्डिंगचं नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. ह्याच नावाची इमारत आमच्याकडे मुलुंडलाही आहे आणि बोरीवलीलाही. मी म्हटलं, कुठली? बोरीवली, म्हणाले, नॅशनल पार्कच्या बाजूची. विंग? माळा? "आता परत सांगा."

"अहो, सांगितलं ना..."

"सांगितलंत. परत सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सांगता सांगता त्यांचा श्वास जरा खाली बसला, नेहमी बसतो. मी मान वर केली आणि पलीकडच्याच्या पाठीवर ओरडले. बिल्डिंग, विंग, माळा, एकटा माणूस आत, वयस्कर. हेडफोन चढवलेला असला की माझा आवाज मला कळत नाही, त्यामुळे तो गच्चीपर्यंत गेला असणार. तो दचकून वळला, आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडातून निघालं, "बोंबलतस कित्याक गो? मी काय बहिरो नाय."

बोलला आणि थिजला. मी बघतच राहिले त्याच्या ओठांकडे. मग मला हसू फुटलं, आणि त्याला फुटलं, आणि हसतानाच तो दुसऱ्या हाताने बोरीवलीच्या मेकॅनिकला फोन लावत होता. "सांग परत," त्याने मला म्हटलं. मी परत सांगितलं.

काकांना मी बोलतं ठेवलं. त्यांची बायको वर चहा करून वाट बघत होती, एवढीच त्यांना काळजी. तितक्यात मला पलीकडच्याचा चेहरा बदललेला दिसला. मान वळवली तर साहेब. नवी मुलगी त्यांच्या मागे, हातात डबा. साहेबांचा हात हेडफोनसाठी पुढे झालेला, चेहऱ्यावर तेच प्रेम, ओठ रुंद. मॅ-डम. प्लीज. आ-म्ही. स-म-जू. श-क-तो.

साहेबांना जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं. हात जोडून झाले होते. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ केली. मला पाठीमागचं ऐकू येत नाही, हे आता सगळ्या ऑफिसने समजून घेतलेलंच होतं.

पाठीमागे साहेब बोलत असणार. बराच वेळ बोलत असणार, कारण पलीकडचा माझ्या खांद्यावरून वर बघत होता. मग त्याने मोबाइल छातीला धरला आणि त्याचे ओठ हलले. मालवणीत, अगदी सावकाश, मला वाचता येईल असे.

"तिका आयकाक येणा नाय, साहेब. पाठ आसा ना तुमच्याकडे."

माझे डोळे भरून आले होते, पण कानात काका विचारत होते, आहात ना. मी माइक तोंडाजवळ ओढला.

"आहे काका," मी म्हटलं. "कुठे जातेय मी? माणूस निघालाय तुमच्याकडे. माळा कितवा म्हणालात? परत सांगा."